तयार पिसांचे बाण घ्यावेत की पिसे हाताने चिकटवावीत?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलांना तिरंदाजीचे पहिले बाण घेताना पालकांचा एक प्रश्न हमखास असतो: पिसे लावलेले तयार बाण घ्यायचे, की शाफ्ट (बाणाची काठी) आणि पिसे वेगवेगळी घेऊन घरी चिकटवायची? पहिला संच तयारच घ्यावा, आणि पिसे चिकटवायला मात्र लगेच शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाण कुठलेही घेतले तरी पिसे निघतातच. एक बाण दुसऱ्याला घासून जातो, कधी लक्ष्यात पिसांपर्यंत रुततो, कधी गवतात सरपटत जातो. एका पिसापायी चांगला बाण अडगळीत टाकणे कुणालाच परवडत नाही.

तयार बाणांचा मोठा गुण म्हणजे सारखेपणा. तीन पिसे एकमेकांपासून १२० अंशांवर, सगळ्या बाणांवर एकाच जागी आणि एकाच कोनात असतात. नवख्याचा हात अजून बसलेला नसतो; त्यात बाणही वेगवेगळे उडाले, तर चूक हाताची की बाणाची हे प्रशिक्षकालाही कळत नाही. तरी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पिसाचे मागचे टोक नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाला असलेल्या, दोरीत अडकणाऱ्या टोपीच्या) खाचेपासून साधारण एक इंच पुढे असावे, म्हणजे दोरी ओढणारी बोटे पिसांना लागत नाहीत. रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यासाठी वेगळ्या रंगाचे पीस नॉकच्या खाचेला काटकोनात हवे, म्हणजे बाण चढवल्यावर ते धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला राहते. ते तसे नसेल आणि नॉक दाबून बसवलेला असेल, तर तो फिरवून घेता येतो.

तयार प्रकारात पिसे आधीच जोडलेली आकसणारी नळीही मिळते. ती शाफ्टवर सरकवून उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवली की घट्ट बसते. घाईच्या वेळी सोय चांगली आहे, पण रोजच्या सरावासाठी आम्ही ती सुचवणार नाही. नळीचे वजन शेपटाकडे वाढते आणि बाणाचा तोल मागे सरकतो. शिवाय एक पीस फाटले की सगळी नळी कापावी लागते. त्यात पाते कार्बनच्या शाफ्टला लागले तर तंतू तुटतात आणि शाफ्ट कमकुवत होतो.

हाताने चिकटवायचे तर जिग, म्हणजे शाफ्ट धरून पिसे ठरलेल्या कोनात बसवणारा साचा, हवीच. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने तीन पिसे सारखी बसत नाहीत. जुना गोंद बोथट पात्याने, पाते आडवे धरून, खरवडून काढावा. मग शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. प्लॅस्टिकच्या पिसाचा तळही तसाच पुसावा आणि नंतर त्याला बोट लावू नये. पिसे निघण्याचे एक मोठे कारण म्हणजे बोटांचा तेलकटपणा. लोक उगाच गोंदाला दोष देतात. पीस कुठपर्यंत धरायचे याची खूण जिगच्या क्लॅम्पवर (पीस धरणाऱ्या चिमट्यावर) करून ठेवावी, नाहीतर प्रत्येक बाणावर ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढेमागे होते.

गोंदाची रेघ बारीक आणि सलग हवी. सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) जाड लागले तर उशिरा सुकते, बाजूने ओघळते आणि पुढे कडक होऊन तडकते. त्याला दाबून काही सेकंद पुरतात. पिसांसाठीच्या साध्या गोंदाला (फ्लेचिंग सिमेंटला) मात्र दहा-पंधरा मिनिटे लागतात, तोवर क्लॅम्प हलवू नये. तिन्ही पिसे लागली की प्रत्येकाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक ठिपका द्यावा. पीस पुढच्या टोकापासूनच उचकटायला लागते. दुसऱ्या दिवशी पीस अंगठ्याने आडवे दाबून पाहावे. तळाची कड उघडली तर ते काढून पुन्हा लावलेले बरे. पीस शाफ्टभोवती थोडे वळवून बसवणारा पिळाचा क्लॅम्प वापरून बारीक शाफ्टवर लावताना तळाची टोके बहुधा अधांतरी राहतात. अशा वेळी पीळ कमी करावा, गोंद वाढवू नये.

खऱ्या पिसांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती पक्ष्याच्या डाव्या किंवा उजव्या पंखाची असतात. एका बाणावर दोन्ही मिसळू नयेत आणि पीळही पंखाच्या बाजूचाच द्यावा. रेस्ट (बाण टेकवायचा आधार) नसलेल्या धनुष्यावर हीच पिसे हवीत, कारण घासून जाताना ती दबतात. प्लॅस्टिकचे पीस आपटून बाणाला बाजूला ढकलते. पावसात मात्र खरी पिसे भिजून बसतात. त्यांच्या पुढच्या दांडीचे टोक गोंदाने किंवा दोऱ्याने पक्के झाकलेच पाहिजे. उचललेले टोक बाण सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी आणखी एक. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार एका एंडमध्ये, म्हणजे एका वेळी ओळीने सोडायच्या बाणांच्या गटात, वापरलेले सगळे बाण एकसारखे असावे लागतात, पिसांच्या रंगांसह. म्हणून तयार संच घेतानाच त्याच प्रकारची आणि रंगाची सुटी पिसे घेऊन ठेवावीत. नंतर तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो.

पीस निघालेला कार्बनचा बाण जिगवर चढवण्याआधी शाफ्ट मात्र तपासावा. ज्या धक्क्याने पीस गेले, त्याने शाफ्टही तडकला असू शकतो. दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून दूर, किंचित वाकवावा आणि फिरवत फिरवत हेच करावे. कडकड ऐकू आली किंवा शाफ्टवर चीर जाणवली, तर तो बाण मोडूनच टाकावा, म्हणजे पुन्हा कुणी उचलून धनुष्याला लावणार नाही.

आपले,
तिरंदाजी शिकवणारे काही वाचक