पेट्रोल नेण्यासाठी गाळणी असलेला प्रमाणित डबा पंपावरच मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भांडुपमध्ये दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवणारा मी आपला नियमित वाचक आहे. पावसाळ्यात सुरू न होणाऱ्या, चढावर अडखळणाऱ्या किंवा सिग्नलवर अचानक बंद पडणाऱ्या गाड्यांची रांग मुंबईतील प्रत्येक मेकॅनिकच्या दाराशी लागते आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांचे दुखणे इंजिनात नसून टाकीत असते. टाकीत पाणी, गंज, वाळूचे कण, कापडाचे तंतू अशी घाण सापडली की मालक पेट्रोल पंपाला दोष देऊन मोकळा होतो. तो दोष काही वेळा खराही असतो. परंतु गाडी बंद पडण्यापूर्वी टाकीत बाटलीतून किंवा जुन्या डब्यातून पेट्रोल ओतले होते का, एवढे विचारले तरी पुष्कळदा उत्तर होकारार्थी येते. पंपापासून टाकीपर्यंतच्या या शेवटच्या टप्प्याकडे कोणाचेच लक्ष नाही, म्हणून हे पत्र.

अशा गाडीची टाकी रिकामी करून तळचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढले आणि बरणी थोडा वेळ हलवली नाही, तर सगळा प्रकार डोळ्यांनी दिसतो. वर स्वच्छ पेट्रोल असते, त्याखाली किंचित दुधाळ पट्टा दिसतो आणि अगदी तळाशी दुसऱ्याच द्रवाचा थर असतो. बरणी तिरकी केली की तो थर वरच्या पेट्रोलमध्ये न मिसळता एकसंध गोळ्यासारखा काचेवरून सरकतो. त्यात तांबूस गंजाची पूड आणि बोटांनी चोळली असता खरखरीत लागणारी बारीक माती असते. गाडीचा पंप तळाजवळूनच इंधन ओढतो, त्यामुळे इंजिनाच्या वाट्याला सर्वांत आधी हीच घाण येते.

इथेनॉलमुळे, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या मद्यार्कामुळे, या प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला, २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. परदेशी तेलावरील खर्च आणि ऊस उत्पादकांचे हित यांचा विचार करता या धोरणाला माझा विरोध नाही. मात्र इथेनॉल पाण्याला आपल्याकडे ओढते, हा त्याचा गुणधर्म आहे. पूर्वीच्या साध्या पेट्रोलमध्ये चमचाभर पाणी पडले तर ते चमचाभरच तळाशी बसत असे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल काही मर्यादेपर्यंत पाणी स्वतःत विरघळवून घेते, परंतु ती मर्यादा ओलांडली की पाणी एकटे खाली बसत नाही, तर इथेनॉललाही सोबत घेऊन बसते. त्यामुळे तळाचा थर आत शिरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी मोठा होतो आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमताही घटते. असे वेगळे झालेले इंधन गाडीत वापरण्याजोगे राहत नाही. मुंबईच्या दमट हवेत झाकण सैल असलेला, अर्धा भरलेला डबा आठवडेच्या आठवडे गॅलरीत ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ मानक लागू झाल्यानंतर नव्या दुचाक्यांमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची जागा जवळजवळ सर्वत्र पेट्रोलचा बारीक फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरने घेतली. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला तर खालचा स्क्रू सैल करून वाटीतले पेट्रोल सोडून देता येत असे, आणि फारच झाले तर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) काढून हवा मारली की काम भागत असे. इंजेक्टरची भोके माणसाच्या केसाच्या जाडीशी तुलना करावी इतकी बारीक असतात. ती अर्धवट बुजली की फवारा बिघडतो, अॅव्हरेज घटते आणि सफाईसाठी यंत्र लागते. त्यातच टाकीतील विजेचा पंप गेला, तर रोज गाडीवर पोट असलेल्या डिलिव्हरीच्या मुलाच्या कित्येक दिवसांच्या कमाईवर पाणी फिरते. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनांत (ज्यांत एकाच नळीतून सर्व इंजेक्टरना अतिशय दाबाने इंधन मिळते) सरकणाऱ्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते आणि तिथे पाणी पोहोचले तर होणारे नुकसान दुचाकीच्या अनेक पट असते.

सुटे पेट्रोल कशाला न्यावे लागते, असे कोणी विचारील. मिलन सबवे किंवा हिंदमाता परिसरात पाणी साचल्याने वाहतूक तासन्‌तास खोळंबते आणि काटा लाल रेषेवर असलेली गाडी वाटेतच थांबते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनामुळे पंप कोरडे पडण्याची भीती पसरली, तेव्हा अनेक शहरांत लोक बाटल्या आणि कॅन घेऊन रांगेत उभे होते. मंडपातले जनरेटर, सोसायट्यांचे पाणी उपसण्याचे पंप आणि गवत कापण्याची यंत्रे यांनाही इंधन डब्यातूनच जाते. वर्सोवा, माहीम, वरळी इथल्या किनाऱ्यावर लहान होड्यांचे इंधन कॅनमधूनच होडीपर्यंत पोहोचते. रस्त्यात बंद पडलेली गाडी ढकलत नेता येते, परंतु खवळलेल्या समुद्रात इंजिन बंद पडले तर प्रश्न जिवाचा होतो.

या सगळ्यासाठी वापरली जाणारी भांडी कोणती, तर पाण्याची रिकामी बाटली, खाद्यतेलाचा कॅन, रंगाचा डबा, नाहीतर पूर्वी फिनेल भरलेला कॅन. बाटली उपडी करून झटकली तरी तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब चिकटून राहतातच. त्यावर कागदाचे किंवा बाटलीच कापून केलेले नरसाळे येते आणि कोणी फार काळजीवाहू असेल तर जुन्या बनियनचा तुकडा गाळणी म्हणून लावतो. त्या तुकड्याने मोठा कचरा थांबतो, परंतु त्याचे स्वतःचे तंतू टाकीत जातात आणि भिजलेल्या कापडातून पाणीही आरामात पार होते.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या आठव्या कलमानुसार, विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल बाळगण्यास परवाना लागत नाही, मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेवले पाहिजे. त्यातही काचेचे वा चिनी मातीचे भांडे १ लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. पाण्याच्या पातळ बाटलीला त्या कलमात जागा नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या कायद्याने धातूचा डबा सांगून ठेवला असताना तो आज सामान्य गाडीमालकाला सहज मिळत नाही, हे मला अत्यंत खटकते.

हा डबा कसा असावा, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तोंडाला जाळी लावली की काम झाले असा समज आहे आणि तो अपुरा आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते, परंतु ओतण्यासाठी डबा कलता केला की तळाचा हाच जड थर घरंगळत तोंडाशी येतो आणि पेट्रोलच्या आधी टाकीत पडू शकतो. म्हणून तळाशी, तोंडाच्या विरुद्ध बाजूला, काठ असलेली छोटी खोलगट जागा हवी. डबा बेताचा कलता होईपर्यंत पाणी आणि गाळ त्या काठामागे अडकून राहील आणि खालचा लहान स्क्रू काढून तो वेगळा सोडता येईल. मोठ्या डब्याला तळापासून दोन बोटे वर नळ दिला तर डबा कलता करण्याचीच गरज उरत नाही. यानंतर गाळणीचा विचार यावा. स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीवर पाणी न धरणारा लेप दिला, तर पेट्रोल तिच्यातून पार होते आणि मोकळे पाणी वर थेंबांच्या रूपात अडते. परदेशात अशी नरसाळी मिळतात. मात्र इथेनॉल घेऊन खाली बसलेले पाणी या जाळीने खात्रीने अडेल असे मानू नये, कारण मद्यार्क मिसळलेल्या पाण्याचा पृष्ठताण कमी झालेला असतो. म्हणूनच तळाचा खळगा आणि जाळी ही दोन्ही एकाच डब्यात असली पाहिजेत. जाळी धुण्यासाठी सहज निघणारी असावी, नाहीतर कचऱ्याने भरलेली जाळी कोणीतरी खिळ्याने भोसकून टाकील आणि डबा पुन्हा होता तसाच होईल.

यात अशक्य असे काही नाही. १९३७ च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी तयार झालेला २० लिटरचा जेरीकॅन पाहा. त्याला तीन मुठी होत्या, आतून अस्तर होते, तरफेने घट्ट बसणारे झाकण होते आणि हवा आत जाण्यासाठी वेगळी नळी असल्याने इंधन गचके न खाता, नरसाळ्याशिवाय ओतता येई. ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे उत्तर आफ्रिकेत इतके गळत की त्यांच्या सैनिकांनी हाती लागलेले जर्मन डबेच वापरायला घेतले. अमेरिकेच्या सुरुवातीच्या नकलेत मात्र झाकण उघडायला पाना आणि ओतायला नरसाळे लागू लागले. उघडे नरसाळे आले की त्याच्यासोबत धूळ आणि ओल आलीच, हे मुंबईच्या रस्त्यावर काम करणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला वेगळे सांगावे लागत नाही.

सुट्या पेट्रोलचा गैरवापर जाळपोळीसाठी होतो, म्हणून अनेक पंपांवर बाटलीत पेट्रोल न देण्याचे फलक लावलेले असतात. ही काळजी रास्त आहे. परंतु नुसत्या नकाराने गरज संपत नाही, ती रस्त्याकडेच्या टपरीकडे वळते आणि तिथल्या बाटलीत काय आहे हे कोणीच तपासत नाही. क्रमांक कोरलेला डबा, गाडीच्या नोंदणी क्रमांकाची वहीत नोंद आणि ठरावीक मर्यादा अशी पद्धत ठेवली, तर सुरक्षिततेचा हेतू अधिक चांगला साधेल. डबा धातूचा असला तरी तो स्कूटरच्या पायदानावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवून भरू नये. तो जमिनीवर ठेवून, नोझल त्याच्या काठाला टेकवूनच भरावा, म्हणजे साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरते. ही सूचना डब्यावरच ठळक मराठीत छापलेली असावी.

भेसळीचा विषय यापेक्षा वेगळा आहे. रॉकेल किंवा सॉल्व्हंट पेट्रोलमध्ये पूर्ण विरघळते, ते कोणत्याही जाळीने अडत नाही. या भेसळीच्या टोळ्यांना आळा घालताना अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले, हे महाराष्ट्र विसरू शकत नाही. भेसळीसाठी पंपावर फिल्टर पेपरची आणि घनतेची चाचणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे आणि तो प्रत्येकाने वापरावा. पंपचालकही भूमिगत टाकीत काठी घालून, तिला लावलेल्या लेपाचा रंग बदलतो का यावरून पाणी तपासतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तशा शहरात पावसाळ्यातील या तपासणीची नोंद ग्राहकाला दिसेल अशा फळ्यावर रोज लिहिली जावी, अशीही माझी मागणी आहे.

माझी मुख्य विनंती इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सार्वजनिक कंपन्यांना आहे. गॅस सिलिंडरप्रमाणे अनामत रक्कम घेऊन २ आणि ५ लिटरचे असे डबे पंपावर द्यावेत आणि डबा परत केल्यावर अनामतही परत करावी, म्हणजे वर्षातून एखाद्या वेळीच गरज लागणाऱ्या माणसाला तो विकत घ्यावा लागणार नाही. भारतीय मानक ब्युरोने खळगा, जाळी, झाकण आणि आतल्या लेपासह त्याचे मानक ठरवावे. इंधन सुरक्षिततेचे नियमन करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, त्यामुळे तिथे पाठपुरावा करणे राज्यातील ग्राहक संघटनांना अवघड जाऊ नये. पत्र्याच्या डब्यांचे काम करणारे कारागीर कुर्ला आणि साकीनाका परिसरात आजही आहेत. नमुना हाती आला तर ते असा डबा उत्तम बनवतील आणि आमच्या आयटीआयमधील मुलांकडून जाळीची चाचणी करून घेता येईल. सुरुवात पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवरील पंपांपासून करावी आणि ती येत्या जून महिन्याआधी व्हावी.

आपला नम्र,
एक गॅरेजचालक,
भांडुप (पश्चिम), मुंबई