नवीन कन्सोल घेतलाय? ‘राजी’ नक्की खेळा

संपादक, स.न.वि.वि.
भाच्याने पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) घेतला आणि पहिलाच प्रश्न, मामा गेम कोणते घेऊ? सगळे फुटबॉल नाहीतर मारामारीच सांगतात म्हणून लिहितोय. आधी त्यातच फुकट येणारा ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ खेळा, कंट्रोलर हातात बसतो. रेसिंगला ‘ग्रान टुरिस्मो ७’. घरात दोघं असाल तर ‘इट टेक्स टू’ घ्याच, तो एकट्याने खेळताच येत नाही. पण माझा सगळ्यात लाडका ‘राजी’, २०२० चा, आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, काही तासांतच संपतो पण हे आपल्या गावात बनलंय कळल्यावर ऊर भरून येतो हो. तुमच्या पेपरात याची नीट ओळख छापा ना.

– एक वाचक, कोथरूड, पुणे