ओवीतला भाऊ आणि सातबाऱ्यावरची बहीण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाऊबीजेच्या सुमारास आपल्या रविवार पुरवणीत जात्यावरच्या ओव्यांवर एक लेख आला होता. ओव्यांमध्ये बहीण-भावाची निर्मळ माया जशीच्या तशी उतरली आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही, असा त्याचा सूर होता. मी तासगाव तालुक्यातला; ओव्या ऐकत लहानाचा मोठा झालो. पुढे एकतीस वर्षे तलाठी म्हणून नोकरी केली आणि ज्या भावांची ओव्यांत वाट पाहिली जाते, त्यांचेच अर्ज घेऊन बहिणींची नावे कमी करण्याच्या नोंदी लिहिल्या. ओवीतला भाऊ आणि फेरफारातला, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीतला, भाऊ असे दोघेही माझ्या ओळखीचे असल्यामुळे लेखातले ‘बदललेली नाही’ हे शब्द मला खटकले, म्हणून हे पत्र.

खातेदार वारला की गाव नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, वारसांची नोंद होते आणि तीत मुलांबरोबर मुलींचीही नावे येतात. त्यानंतर काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, भाऊ बहिणींना आणायला गाडी पाठवतात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवले जाते, बाहेर कुठेतरी सगळ्यांचे जेवण होते आणि संध्याकाळी बहिणींना साडीचोळी करून परत पोहोचवले जाते. दस्त तलाठ्याकडे आला की फेरफार धरायचा, नोटिसा काढायच्या, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करायची. हरकत घेणारी बहीण माझ्या सगळ्या नोकरीत मी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. आमच्याकडे या व्यवहाराला कोणी हक्क सोडणे म्हणत नाही. ‘बहिणींनी सह्या दिल्या’ असे म्हणतात, जणू एखाद्या निवेदनावरच दिल्या. सही न देणाऱ्या बहिणीला माहेर तुटते, हे मात्र कोणत्याही नमुन्यात लिहिलेले नसते.

आमचे वडील 1998 मध्ये गेले. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा होताच. आमची चार एकर द्राक्षबाग. वारसांमध्ये मी, धाकटा भाऊ आणि खटाव तालुक्यात दिलेली आमची अक्का. गाव माझ्या सज्जात, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेल्या गावांत, नव्हते, त्यामुळे नोंद दुसऱ्या तलाठ्याने केली. पण हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्याच हातचा होता आणि अक्काला तो मीच वाचून दाखवला. तिने मधेच मला थांबवून ‘कुठं करायची ते दाव,’ एवढेच म्हटले. तिला नेसवलेली साडी जरीची होती, तिची किंमतही मला अजून आठवते, पण ती इथे लिहीत नाही.

अक्काचा गळा गोड. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात हळद दळायला जात्यावर पहिला मान तिचा असे आणि तिची ठरलेली ओवी अशी होती :

बंधू माझा ग पाहुणा, वाट पाहते दारात
त्याच्या बैलाची घुंगरं माझ्या वाजती उरात

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे लग्न झाले. अंगणात जाते मांडले, त्याला आंब्याची डहाळी आणि सुपारी बांधली, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावला. अक्काने पहिल्या दोन ओव्या देवाच्या म्हटल्या, हळकुंडाची मूठ वैरली आणि तिसऱ्या ओवीला, आवाज जराही न चढवता, म्हटले :

बंधू माझ्या तलाठ्यानं दिलं लुगडं जरीचं
नाव पुसून काढलं सातबाऱ्यात लेकीचं

मी दोन हातांच्या अंतरावर मांडवाचा हिशेब करीत बसलो होतो. बायकांपैकी कोणी पुढची ओवी धरली नाही. एकीने तोंडाला पदर लावला, धाकट्या भावाची बायको उठून आत गेली. जाते मात्र थांबले नाही. अक्का दळत राहिली आणि मग तिनेच नवरीची ओवी घेतली. त्यावर ती मला नंतर काही बोलली नाही, मीही विचारले नाही. तोंडावर बोलणे बहिणीला शोभत नाही असे मानणाऱ्या घरात, जात्यावर बसलेल्या बाईला मात्र कोणी अडवत नाही, ही सवलत आपल्या आज्या-पणज्यांनी किती जपून वापरली असेल, याचा विचार मी त्या रात्री प्रथम केला.

गाण्याने समाजाला जागे करण्याची आपल्या जिल्ह्याला सवय नाही असे नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आले आणि पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख पदांमधून घरोघरी पोहोचले. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवणारा कायदा झाला 1929 मध्ये, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी. (तरीही देवलांना नाटकातले लग्न मोडायला वराचे वय पुरले नाही, वधू-वर सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे, असल्याचा आधार घ्यावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी तर गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाच्या छक्कडीतून, म्हणजे लावणीच्या ढंगाच्या गाण्यातून, संयुक्त महाराष्ट्राची मागणी मांडली. तिथे गाणे पुढे होते आणि सरकार मागून आले.

बहिणीच्या वाट्याच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये वारसा कायदा दुरुस्त केला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि तो जन्मानेच असतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. कायदा इतका पुढे गेला, तरी मालिका, भाऊबीजेची गाणी आणि लग्नातल्या ध्वनिफिती यांतला भाऊ अजून साडी घेऊनच येतो. आणि पुरवणीतले लेखही त्याच साडीचे कौतुक करतात, हे मला नाइलाजाने म्हणावे लागते. बहिणी गप्प आहेत असा याचा अर्थ नाही. निवृत्तीनंतर मी नात्यातल्या आणि शेजारच्या बायकांकडून ओव्या वहीत उतरवून घेऊ लागलो आहे. ऐकलेल्यांपैकी बहुतेक जुन्याच आहेत, पण चार-पाच अशा आहेत की ज्यांत सही, कचेरी, गाडी हे शब्द येतात. त्या म्हणताना बाई आधी दाराकडे पाहते, आणि ‘ह्या लिवू नका’ असेही म्हणते. अशा मी लिहिलेल्या नाहीत.

माझ्या हिश्श्यातली विहिरीलगतची वीस गुंठे जमीन मी गेल्या वर्षी बक्षीसपत्राने अक्काच्या नावावर केली. धाकट्या भावाला ते आवडलेले नाही आणि त्याच्या वाट्याबद्दल बोलण्याचा अधिकार मसुदा लिहिणाऱ्या माणसाला कितपत आहे, याची मला शंका आहे, म्हणून मी गप्प आहे. अक्काने दस्तावर सही करताना चष्मा मागून घेतला आणि या वेळी सगळा कागद स्वतः वाचला. वाचायला पंधरा-वीस मिनिटे लागली. मागे रांग होती, कोणी काही म्हणाले नाही.

आपल्या पुरवणीत ओव्यांचे सदर पुढे चालणार असेल, तर अशा नव्या ओव्यांनाही त्यात जागा द्यावी, त्या कोणत्या गावच्या आणि साधारण कोणत्या सालच्या हे सोबत छापावे आणि भाषा शुद्ध करण्याच्या भरात त्यांतले शब्द बदलू नयेत, ही विनंती. वरच्या दोन्ही ओव्या छापण्यास अक्काची संमती घेतलेली आहे. ‘लुगडं’च्या जागी ‘साडी’ घातले तर चालेल का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, ‘ते तुझं तू बघ, पर तलाठ्यानं म्हंजी तलाठ्यानंच ऱ्हाऊ दे.’

आपला,
एक निवृत्त तलाठी,
ता. तासगाव, जि. सांगली