गोळीबाराच्या बातमीतले आकडे कुठून येतात

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत गोळीबार झाला की वृत्त-एजन्सीची कॉपी, म्हणजे तिने पाठवलेला बातमीचा मजकूर, एक सांगते आणि दोन वाहिन्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, मग तुझ्या वर्तमानपत्राच्या परदेश पानावर घ्यायचं कुणाचं, असं तू विचारलंस. कोणती वाहिनी उजवी आणि कोणती डावी हे तुला पाठ आहे, पण रात्री पान सोडायच्या घाईत त्याचा काही उपयोग होत नाही. बंदुकीच्या वादात धादांत खोटी बातमी क्वचितच असते. पक्षपात होतो तो त्याच्या आधी. काय मोजायचं, कशाशी तुलना करायची आणि कोणत्या मृत्यूला बातमी म्हणायचं, हे तिथेच ठरतं. तेवढं तपासलंस तर कॉपी कुणाचीही असो, चालेल.

२०२१ हे एकच वर्ष घे. बंदुकीच्या हिंसेच्या घटना नोंदवणाऱ्या गन व्हायलन्स आर्काइव्ह या संस्थेच्या हिशेबाने त्या वर्षी सुमारे ६९० सामूहिक गोळीबार झाले. एफबीआयच्या अहवालात त्याच वर्षीच्या घटना ६१ आहेत. मदर जोन्स या नियतकालिकाच्या यादीत त्या दहाच्याही आत आहेत. तिघेही खरं सांगतात. आर्काइव्ह हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त लोकांना गोळी लागली की नोंद करतं. कुणी मेलं नसलं तरी चालतं, आणि जागा घर असो, गल्ली असो की पार्टी. एफबीआय वर्दळीच्या ठिकाणी लोकांना मारत सुटलेला हल्लेखोर मोजते, बळी किती गेले याची अट नाही, मात्र टोळ्यांची भांडणं आणि घरगुती मामले वगळते. मदर जोन्स सार्वजनिक जागी तीन किंवा जास्त बळी गेले तरच नोंदवतं, आणि २०१३ च्या आधी ही अट चार बळींची होती. निर्बंध हवे असणारे पहिला आकडा उचलतात, नको असणारे शेवटचा. खरी लबाडी पुढे होते: ६९० हा आकडा देऊन सोबत शाळेचा फोटो लावतात. वाचकाला वाटतं, वर्षात ६९० शाळांत असं घडलं. आकडा आणि चित्र एकाच व्याख्येतले आहेत का, एवढं बघत जा.

असंच फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले आणि दुसऱ्या दिवशी जगभर मथळा फिरला, की दीड महिन्यातला हा अठरावा शालेय गोळीबार. आकडा एव्हरीटाउन या बंदूक-नियंत्रणवादी संघटनेचा होता. शाळेच्या आवारात बंदूक कशीही उडाली तरी ती संघटना ते शालेय गोळीबारात मोजत होती. सात महिन्यांपासून बंद पडलेल्या मिशिगनमधल्या एका शाळेच्या पार्किंगमध्ये एका माणसाने केलेली आत्महत्याही त्यात होती. वॉशिंग्टन पोस्टने हे लगेच उघड केलं, पण तोवर अठराचा आकडा पुढाऱ्यांच्या भाषणांत गेला होता. नुकसान कुणाचं झालं? सतरा मुलामाणसांचा मृत्यू पुरेसा भयंकर होता, पण फुगवलेल्या आकड्यामुळे समोरच्या बाजूला मूळ घटनेवर बोलण्याऐवजी आकड्यावर बोलायची आयती सोय झाली.

दुसरी बाजूही हेच करते. बंदुकीच्या जोरावर अमेरिकी नागरिक वर्षाला २५ लाख वेळा स्वतःचा बचाव करतात, हा आकडा तुला उजव्या वाहिन्यांवर हमखास ऐकू येईल. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फोन सर्वेक्षणातून आला. पाच हजारांच्या आत लोकांना विचारलं, त्यातल्या सुमारे १.३ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात बचावासाठी बंदूक वापरल्याचं सांगितलं, आणि हे प्रमाण १९ कोटी प्रौढांना लावलं. आता शंभरात एक माणूस चुकून किंवा बढाई म्हणून 'हो' म्हणाला असं धर. तेवढ्यानेच आकड्यात १९ लाखांची भर पडते. क्वचित घडणाऱ्या गोष्टीचं सर्वेक्षण करताना हा धोका नेहमीच असतो. सरकारच्या गुन्हेपीडित सर्वेक्षणातून हाच आकडा साठ हजार ते एक लाखाच्या आसपास निघतो, पण तिथेही खोच आहे: आधी 'माझ्यावर गुन्हा झाला' म्हणणाऱ्यालाच पुढचा प्रश्न विचारतात, त्यामुळे चोराला नुसती बंदूक दाखवून पळवणारा मोजणीतून सुटू शकतो. खरा आकडा बहुधा या दोन्हींच्या मध्ये, आणि माझ्या मते खालच्या टोकाच्या बराच जवळ असावा. तू मात्र यांतला एकच आकडा कधी छापू नकोस.

आणखी एक जुना आकडा आहे चाळीस टक्क्यांचा. चाळीस टक्के बंदुका तपासणीशिवाय, म्हणजे घेणाऱ्याची पार्श्वभूमी न तपासता, विकल्या जातात, असं २०१३ मध्ये ओबामांनीही सांगितलं. त्याचा आधार होता १९९४ चं एक सर्वेक्षण, आणि त्यातले या प्रश्नापुरते मोजलेले लोक होते अवघे २५१. २०१५ मध्ये हाच प्रश्न नव्याने विचारला तेव्हा उत्तर आलं २२ टक्के. बावीस टक्केही थोडे नाहीत, पण चाळीसच्या जवळपास निम्मे आहेत.

ही तपासणी होते कशी, हे माहीत असलं की निम्म्या बातम्यांचा उलगडा होतो. दुकानदाराकडे केंद्र सरकारचा परवाना असतो. गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतं, दुकानदार एफबीआयच्या किंवा राज्याच्या यंत्रणेला फोनवर वा संगणकावरून विचारतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं: द्या, थांबा किंवा देऊ नका. 'थांबा' आलं आणि कामाचे तीन दिवस उलटूनही निर्णय झाला नाही, तर केंद्राचा कायदा दुकानदाराला बंदूक द्यायची मुभा देतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. आणि 'गन शोची' (बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनाची) 'पळवाट' म्हणून जे छापून येतं, त्याचा गन शोशी फारसा संबंध नाही. परवानाधारक विक्रेत्याला गन शोमध्येही तपासणी करावीच लागते. धंदा म्हणून नव्हे, तर आपल्याकडची एखादी बंदूक विकणाऱ्या खासगी माणसाला केंद्राच्या कायद्याने ती कुठेच करावी लागत नाही, मग तो प्रदर्शनात असो की स्वतःच्या अंगणात. काही राज्यांनी आपल्यापुरती ही फट बुजवली आहे. आपल्या वाचकाच्या डोक्यात १९५९ चा आपला शस्त्र कायदा असतो, आधी परवाना आणि मग शस्त्र. अमेरिकेत बहुतेक राज्यांत बंदूक विकत घ्यायला असा परवाना लागतच नाही, हे एका वाक्यात सांगितल्याशिवाय बातमी कळणार नाही.

आता रायफलचं बघ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते, ती अर्धस्वयंचलित. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ती स्वयंचलित. दुसऱ्या प्रकारावर १९३४ पासून कर आणि नोंदणी आहे, आणि १९८६ नंतर बनलेली नवी स्वयंचलित बंदूक सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. शाळा-मॉलच्या बातम्यांतली एआर-१५ अर्धस्वयंचलित असते. कॉपीत 'स्वयंचलित रायफल' गेलं की तिथेच बातमी चुकली. एआर ही अक्षरंही 'असॉल्ट रायफल'वरून नव्हे, तर आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आली आहेत. २०२२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या शैलीपुस्तकात 'असॉल्ट वेपन' आणि 'असॉल्ट रायफल' टाळून 'अर्धस्वयंचलित रायफल' लिहा असं सांगितलं, कारण पहिले शब्द राजकीय झालेत आणि हत्यार काय करतं हे त्यातून कळत नाही.

शब्दांचा हा घोळ थेट कायद्यातही उतरला. सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ या दहा वर्षांत 'असॉल्ट वेपन' म्हटल्या जाणाऱ्या बंदुकांवर केंद्राची बंदी होती. काही मॉडेलं नावानिशी बंद केली होती. बाकी रायफलींना अशी कसोटी होती: अर्धस्वयंचलित, काढघाल करता येणारं मॅगझिन, आणि पाचपैकी किमान दोन अंगं, म्हणजे दुमडणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची खोबण, नळीच्या तोंडाशी आग झाकणारा तुकडा किंवा तो बसवायचे आटे, ग्रेनेड लाँचर. कंपन्यांनी संगीनीची खोबण आणि आग झाकणारा तुकडा काढला, मूठ तेवढी ठेवली, आणि तीच रायफल कायदेशीर झाली. गोळी तीच, वेगही तोच. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरही बंदी होती, पण आधी बनलेली विकायला मोकळीक होती आणि ती देशात कोट्यवधी होती. १९९९ चं कोलंबाइन शाळेतलं हत्याकांड याच बंदीच्या काळात घडलं. २००४ मध्ये न्याय विभागासाठी झालेल्या अभ्यासाने सांगितलं की बंदी घातलेल्या बंदुकांचा गुन्ह्यांतला वाटा तपासलेल्या शहरांत घटला, पण एकूण हिंसाचारावरचा परिणाम फार तर थोडा, कदाचित मोजता न येण्याइतका. एक बाजू पहिलं अर्धं वाक्य छापते, दुसरी उरलेलं. पुन्हा बंदीचा विषय निघाला की हे वाक्य अख्खं छाप.

मला सगळ्यात जास्त सलतो तो पक्षपात डाव्या-उजव्याचा नाहीच. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. खून होते २०,९५८. आर्काइव्हची सगळ्यात ऐसपैस व्याख्या घेतली तरी सामूहिक गोळीबारांत गेले ७०६, म्हणजे दीड टक्क्याच्याही आत. एफबीआयच्या २०२० च्या आकडेवारीत, माहिती असलेल्या बंदुकीच्या खुनांपैकी ५९ टक्क्यांत पिस्तूल होतं आणि ३ टक्क्यांत रायफल (३६ टक्क्यांत हत्याराचा प्रकार नोंदलेलाच नव्हता किंवा वेगळा होता). म्हणजे कॅमेरे सगळे रायफलीवर, आणि माणसं मरतात पिस्तुलाने; बहुतेक एकेकटी, घरात किंवा वस्तीतल्या एखाद्या कोपऱ्यावर. खून झालेल्यांत कृष्णवर्णीय तरुणांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहे, आणि त्या बातमीला स्थानिक वाहिनीवर काही सेकंद मिळतात. जिथे कॅमेरा जातो तिथेच विधेयक जातं. बंदूक कुलपात ठेवायची सक्ती, विकत घेणं आणि हातात मिळणं यांत काही दिवसांचं अंतर, संकटात असलेल्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती बंदूक काढून घेणं, हे उपाय थेट आत्महत्यांशी संबंधित आहेत. निराशेचा तो तीव्र काळ टळला तर बहुतेक माणसं पुढे जगतात, म्हणून तर या उपायांना अर्थ आहे. पण त्यावर चर्चेचे कार्यक्रम रंगत नाहीत.

उजवीकडचं आवडतं उदाहरण म्हणजे शिकागो: कायदे कडक, तरी खून थांबत नाहीत, तेव्हा कायदे निरुपयोगी. हे वाक्य कॉपीत आलं तर दोन गोष्टी तपास. लोकसंख्येच्या प्रमाणात सेंट लुइस, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स यांचा खुनांचा दर शिकागोपेक्षा जास्त राहिला आहे. आणि २०१७ च्या शिकागोच्याच अहवालानुसार शहरात जप्त झालेल्या, माग लागलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून जास्त इलिनॉयबाहेर पहिल्यांदा विकल्या गेल्या होत्या, त्यातला मोठा वाटा शेजारच्या इंडियानाचा. राज्याची सीमा ओलांडायला तासभरही लागत नाही.

संकलनाच्या टेबलावर काय होतं त्याचंही एक उदाहरण देतो. २०१६ च्या एका माहितीपटात पत्रकार केटी कुरिक व्हर्जिनियातल्या बंदूकवादी गटाला विचारते, तपासणी नसेल तर गुन्हेगारांना बंदूक घेण्यापासून अडवणार कसं? पडद्यावर सगळे नऊएक सेकंद गप्प, कुणी नजर खाली वळवतो. प्रत्यक्षात त्यांनी लगेच उत्तरं दिली होती. गटातल्या एकाने केलेलं ध्वनिमुद्रण बाहेर आलं आणि कुरिकला जाहीर खेद व्यक्त करावा लागला. त्या एका कापणीचा दाखला बंदूकवादी आजही देतात, आणि तपासणीच्या बाजूचं खरं म्हणणंही त्याखाली दबतं.

विधेयकाच्या बातमीत पायरी लिहायला विसरू नकोस. जुलै २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने रायफलबंदीचं विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केलं. 'अमेरिकेत बंदी' असा मथळा त्यावर लागला असता तर तो चूक ठरला असता, कारण सिनेटमध्ये ते पुढे सरकलंच नाही. तिथे चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात. एप्रिल २०१३ मध्ये, सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर, तपासणी वाढवण्याच्या दुरुस्तीला ५४ मतं मिळाली आणि ती पडली. तपासणी वाढवायला 'नव्वद टक्के जनतेचा पाठिंबा' हे वाक्यही जपून वापर: त्याच विषयावर २०१६ मध्ये मेन राज्यात प्रत्यक्ष मतदान झालं तेव्हा प्रस्ताव पडला, आणि नेवाडात पन्नास टक्क्यांहून जेमतेम जास्त मतांनी मंजूर झाला. २०२२ च्या जूनमध्ये मात्र दोन्ही पक्षांच्या मतांनी एक कायदा झाला, त्यात २१ वर्षांखालच्या ग्राहकांची वाढीव तपासणी आहे. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कचा सार्वजनिक जागी पिस्तूल बाळगण्यावर निर्बंध घालणारा जुना कायदा रद्द केला. दोन्ही बातम्या शेजारी लावल्या तरच चित्र पूर्ण होतं.

पहिल्या रात्रीची कॉपी नेहमी कच्ची समज. टेक्सासमधल्या युव्हॅल्डीत २०२२ मध्ये शाळेत गोळीबार झाला तेव्हा अधिकाऱ्यांनी आधी सांगितलं की शाळेच्या पोलिसाने हल्लेखोराला दारात अडवलं. ते खोटं निघालं, आणि पोलीस शाळेत येऊनही ७७ मिनिटं हल्लेखोर होता त्या वर्गात शिरले नव्हते हे नंतर कळलं. तेव्हा पहिल्या दिवशी ठिकाण, अधिकृत मृतांचा आकडा आणि तो कुणी दिला एवढंच घे. हत्याराचा प्रकार पोलिसांनी सांगितल्यावर, हेतू त्याहून उशिरा. मथळ्यात 'माथेफिरू' लावायचा मोह आवर, तोवर वैद्यकीय माहिती कुणाकडेच नसते. हल्लेखोराचं नाव एकदा पुरे, फोटो नकोच. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, एजन्सी पुढच्या विषयावर गेली की, ती बंदूक कुठे, कशी आणि कोणत्या तपासणीतून विकली गेली ते शोधून चार ओळी टाक. कायद्याच्या वादात कामाचं जे असतं ते तिथेच सापडतं.

सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचे मृत्यूंचे आकडे वर्षागणिक वाढीव तपशिलासह त्यांच्या संकेतस्थळावर असतात. पुढच्या पत्रासोबत त्यातले रकाने कसे निवडायचे ते टिपून पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश