पाकिटातली दुसरी पुडी

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीचं ॲप पानाचा फोटो बघून रोग आणि औषध सांगतं, हे ऐकून बाबा खूश आहेत. मलाही ते नको आहे असं नाही. पण ‘सगळेच वापरायला लागलेत, आई’ असं तू म्हणालीस, ते काही पटलं नाही.

2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे झाडातच अळीला मारणारं विष असलेल्या वाणाला, परवानगी मिळाली तेव्हा तू पाळण्यात होतीस. हिरव्या बोंडअळीने जीव नकोसा केला होता. ती खरंच आटोक्यात आली, फवारे कमी झाले. मग काय, बघता बघता दुकानात साधं बी मिळेनासं झालं. त्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावायची, तिथे अळ्या जगू द्यायच्या. म्हणजे बीटी पचवणाऱ्या एखाद्या पतंगाला जोडीदार साधाच मिळतो आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. हे दुकानदाराने कुणाला सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी अळ्या पाळायला जमीन कोण देणार? पुड्या धुऱ्यावर, बांधाला पडल्या. त्यात ज्यांच्याकडे पाणी, ते फरदड घ्यायचे, म्हणजे हंगाम संपला तरी तीच झाडं राखून पुन्हा कापूस. पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी. बीटी पचवायला शिकलेल्या गुलाबी बोंडअळीला आयतंच ताट वाढलेलं!

2017 ला वेचणीला गेलो तर बोंड वरून धड, फोडलं की सरकी पोखरलेली आणि कापसाऐवजी निव्वळ कवडी. त्याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसं गेली. कृषी केंद्रवाला देईल ते मिसळून मारायचं, अशीच रीत होती.

आता साधं बी पाकिटातच मिसळून देतात. वेगळी पुडी कुणी लावत नाही, हे कळायला इतकी वर्षं लागली.

तुमच्या ॲपची अशी पुडी कोणती, ते साहेबांना विचार. काय पाळलं तरच ते नीट चालतं, आणि त्यातलं गावात कोण पाळणार आहे? चुकीचं औषध सांगितलं गेलं तर ते तुम्हाला कळणार कसं? औषधाच्या नावाखालीच ते विकत घ्यायचं बटण आहे म्हणालीस, ते तर मला साफ खटकलं. तो कृषी केंद्रवालाच झाला की गं, फक्त खिशातला.

पोळ्याला येशील तेव्हा माझ्या फोनमध्ये टाकून दे. धुऱ्याकडच्या ओळींत आत्ताच डोमकळ्या, म्हणजे गुलाबी अळीमुळे न उमललेली फुलं, दिसताहेत; पानं मात्र हिरवीगार आहेत. पानाचा फोटो काढून बघू, काय म्हणतं ते.

तुझी,
आई