पोरं घरी, आम्ही अंदमानात

वरूड
फेब्रुवारी

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. कागदभर प्रश्न, पण सगळ्यांचा अर्थ एकच: पोरं कुठं ठेवली? फोनवर सांगितलं असतं, पण आमच्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे अर्धी आळी ऐकते, आणि यातलं बरंचसं घरातल्याच माणसांबद्दल आहे. म्हणून लिहिते. वाचून झालं की फाडून टाक.

पोरं घरीच होती. माझे आई-बाबा काटोलहून येऊन राहिले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये, असं मानणारी ती माणसं. बाबांनी येताना गव्हाचं पीठ, तेलाचा डबा, तुरीची डाळ, सगळं सोबत आणलं. माझी दोन आणि जाऊबाईंची दोन, अशी चार पोट्टी त्या पिठाच्या पोळ्या खाऊन शाळेत गेली आणि आली. गव्हाचं ओलित सालदाराच्या भरवशावर. संत्र्याची आंबिया बहाराची बाग व्यापाऱ्याला दिली होती, त्याचे पैसे हाती आले होते, आणि मृगाची संत्री तोडायला अजून अवकाश होता. आपल्यासारख्यांना सुटी मिळते ती याच फटीत. उन्हाळ्यात पोरांना सुटी असते खरी, पण आपण ज्या पावसाची जूनमध्ये वाट पाहतो तो अंदमानात मे महिन्यातच उतरतो. मग समुद्र खवळतो आणि बोटी बऱ्याचदा रद्द होतात. म्हणजे पोरांची शाळा हे कारण अगदीच खोटं नव्हतं. गावात आम्ही तेच सांगितलं.

खरं कारण नणंदबाई. तुला माहीत आहे, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना मूल नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, आता कोणी तो विषय काढत नाही. भाऊबीजेला ओवाळून झालं आणि भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, पाकीट पुढं केलं, तर म्हणाल्या, "पैसे नको दादा. मले अंदमान दाखवा सगळ्यांनी मिळून. अन् पोट्टी आणायची नाहीत."

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातातलं तबक तसंच राहिलं. "अवो, पोट्ट्यांबिगर कायची सहल?"

मामाजी, म्हणजे सासरे, सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ." त्यांना शाळेत असल्यापासून ती काळ्या पाण्याची कोठडी पाहायची होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग गाव बोललं. शेजारच्या काकू तर अंगणात उभ्या राहूनच म्हणाल्या, "ज्याईले नाहीत त्याईचं ठीक हाय, तुमाले कायचं सुचते पोट्टे सोडून?" नणंदबाई तेव्हा घरातच होत्या. ऐकू गेलं असणारच.

नागपूरहून थेट विमान नाही, कोलकात्याला बदलावं लागतं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण रिक्षावाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. हॅवलॉक बेटाचंही तसंच, २०१८ पासून स्वराज द्वीप, बोलताना हॅवलॉक. तिथं उतरल्यावर पहिला धक्का घड्याळाचा. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र आपला नाही. वरूडला जानेवारीत सातच्या सुमारास उजाडतं, तिथं पावणेसहाला सूर्य वर. आणि संध्याकाळी साडेपाचच्या आतच अंधार पडायला लागतो. मामाजी एरवीही पाचला उठणारे, त्यांना ते फार मानवलं. आम्हाला मात्र संध्याकाळ संपता संपेना.

त्या पहिल्या संध्याकाळचं सांगते. जेवायला बसलो, आठ मोठी माणसं, आणि कोणाला काही बोलायचंच नव्हतं. घरी जेवताना आपण काय बोलतो ते आठवून पाहा. "हे खा", "ते सांडलं", "अभ्यास केला का", "मोबाइल ठेव". हे सगळं काढून घेतलं तर उरतं काय? भासरे मोबाइलमध्ये, आमचे हे मोबाइलमध्ये, जवाईबापू मेन्यूकार्ड तिसऱ्यांदा वाचत. जाऊबाईंनी सवयीनं भाजी बाजूच्या ताटात वाढली, ते ताट भासऱ्यांचं निघालं. आत्याबाई तर सरळ म्हणाल्या, "मयतीहून आल्यासारखे काहून बसले सगळे?"

आणि खोल्यांची गंमत तर ऐकच. जोडीला एक खोली. मामाजी-आत्याबाईंची खोली उघडून दिली, तर आत्याबाई दारातच थांबल्या. "हे काय वो? दोघांले एकच पलंग?" पहिला नातू झाला तेव्हापासून त्या नातवंडांच्या घोळक्यात झोपतात आणि मामाजी ओसरीवर. जाऊबाई आणि मी एकमेकींकडे पाहायचं टाळलं. मामाजी काही न बोलता आत गेले, चप्पल काढली आणि पलंगाच्या भिंतीकडच्या अंगाला बसले. मग आत्याबाई पिशवी घेऊन आत शिरल्या. सकाळी चहाला बोलवायला गेले तर दार बाहेरून लावलेलं. दोघं समुद्रावर गेली होती.

मामाजींना समुद्रापेक्षा भरती-ओहोटीनं पकडलं. पहिल्या दिवशी चप्पल काठावर काढून ठेवली आणि पाण्यानं नेली. दुपारी पाहतो तर पाणी पार लांब, होड्या चिखलात कलंडलेल्या. मग त्यांनी एका कोळ्याला गाठलं आणि मोडक्या हिंदीत सगळं विचारून घेतलं. माणूस तिथी पाहणारा, पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं हे ऐकून एकदम खूश. त्यानंतर रोज खिशातल्या डायरीत वेळ टिपत होते, आणि परतताना आम्हाला सांगितलं की भरती रोज पाऊणएक तासानं पुढं सरकते. मध्येच एकदा ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकलं. आमच्याकडे बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत गेले आहेत, तालुका डार्क झोनमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी पार उपसलेला. "एवढं पानी, अन् एका झाडाच्या कामाचं नाही," म्हणाले. हॅवलॉकच्या आतल्या भागात भाताची खाचरं आणि सुपारीच्या बागा आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांना सरकारनं तिथं वसवलं, त्यांनी जंगल तोडून उभं केलेलं ते गाव. एका सुपारीवाल्या म्हाताऱ्याशी मामाजी तासभर बोलत बसले. भाषा कोणती, देव जाणे. रोगाबद्दल आणि मजुरीबद्दल बोलायला भाषा लागत नसावी.

मामाजींची ती काळ्या पाण्याची कोठडी म्हणजे पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल, ते १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. सात भुजा होत्या, आता तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहायला रांग होती. पण मामाजी थांबले ते कोलूपाशी. त्यांच्या लहानपणी आमच्या गावात बैलाचा तेलघाणा होता. इथं बैलाच्या जागी माणूस जुंपायचे, आणि ठरलेलं तेल निघालं नाही तर शिक्षा. त्यांनी जोखडाच्या लाकडाला हात लावून पाहिला, किती उंचीवर आहे ते छातीशी मोजलं. काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी जेवलेही कमी.

आता भांडण. पोट्टी बरोबर असती तर ते झालंच नसतं, किंवा रोज थोडं थोडं झालं असतं. आमच्या जुन्या बागेला डिंक्या रोग लागलाय. भासरे म्हणतात झाडं उपटून टाकू, आमचे हे म्हणतात आधी पाण्याचं पाहू. दोन वर्षं हाच विषय. घरी आवाज चढला की आत्याबाई म्हणतात, "लेकरांसमोर नको," आणि विषय तिथंच झाकला जातो. हॅवलॉकला राधानगर बीचच्या वाळूवर हेच सुरू झालं, आवाज चढले, आणि आत्याबाईंनी सवयीनं तोंड उघडलं तर समोर लेकरंच नाहीत! त्या गप्प बसल्या. भांडण पुढं गेलं. कोणी कोणाच्या लग्नात किती खर्च केला इथपासून बोअरच्या कर्जापर्यंत सगळं निघालं. भासरे एकदा उठून चालू लागले, पण बेटावर जाणार कुठं? फिरून परत आले. अंधार पडता पडता अर्धी बाग उपटायची असं ठरलं, आणि कर्ज दोघांच्या नावावर. ते बरोबर ठरलं की नाही ते बहाराला कळेल. पण ठरलं. रात्री भासरे आणि जवाईबापूंनी बिअर घेतली, मामाजींनी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता नणंदबाई. पत्र खरं तर यांच्याचसाठी लिहायला घेतलं.

बोटीत त्यांच्या शेजारी कुठलीशी बाई होती. बसल्याबसल्या विचारलं, "बच्चे कितने हैं आपके?" आत्याबाई मागून पटकन म्हणाल्या, "हमारे घर में चार हैं." नणंदबाई म्हणाल्या, "मेरे नहीं हैं," आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. मी त्यांचा चेहरा पाहिला. वाईट वाटलेलं नव्हतं, कंटाळा आलेला होता.

समुद्रात उतरल्या त्या मात्र वेगळ्याच. एलिफंट बीचला काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायला लावतात. मी दोन मिनिटांत बाहेर आले, नाकात पाणी. जाऊबाईंनी तर नळी तोंडात धरलीच नाही, "कोनाची उष्टी असंन," म्हणून. नणंदबाई ट्रॅकपँटमध्ये, वडिलांसमोर आयुष्यात पहिल्यांदा, उतरल्या त्या वेळ संपला तरी वर येईनात. शिकवणारा पोरगा हात धरून ओढत आणायला लागला. बाहेर आल्या त्या बोलतच. निळा मासा, तो पिवळा मासा, मेंदूसारखं दिसणारं ते प्रवाळ. जवाईबापू टॉवेल धरून उभे, आणि ह्या बोलतायत आणि हसतायत. जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, "ह्या इतक्या हासतात हे मले माहीतच नव्हतं वो."

का माहीत नव्हतं, ते त्यांनीच सांगितलं. शेवटच्या रात्री आम्ही तिघी बाहेर बसलो होतो. मी सहज म्हटलं, "ताई, पोट्टी असती तर तुम्ही आणखी मजा केली असती, तुम्हाला किती लळा आहे त्यांचा." त्या म्हणाल्या, "लळा हायच वहिनी. पन मी माहेरी आली की पाय धुवायच्या आधी कोनीतरी हातात लेकरू देते. 'घ्या वो ताई, तुमी मोकळ्या हाय.' चहा नंतर येते. लग्नात, बारशात, सगळीकडे. तुमची पोट्टी मले आवडतात. दरवेळी आवडलीच पाह्यजेत का?"

सुमे, मी आणि जाऊबाई काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतंही काय? थोड्या वेळानं जाऊबाई उठल्या, आत जाऊन चहा सांगून आल्या, रात्री दहा वाजता. तिघींनी प्यायला.

आमच्या पोरांचं म्हणशील तर त्यांना आमची फारशी आठवण आली नाही. माझ्या धाकट्याला मध्ये ताप आला होता, आईनं कळवलंच नाही. आम्हाला तिथं व्हिडिओ कॉल धड लागले नाहीत, तेवढं तिच्या पथ्यावर पडलं. घरी आल्यावर कळलं तेव्हा मी चिडले. मग तिनं विचारलं, "कळवलं असतं तर काय केलं असतंस, पोहत आली असतीस?"

आत्याबाईंना नातवंडांसाठी शिंपले हवे होते, पण तिथले शिंपले-प्रवाळ उचलायला बंदी आहे, सामानाची तपासणी होते. दुकानातून घेतलेले पावतीसकट आणले.

तुझ्या घरचं पाहा बाई. तुमच्याकडे तूर निघाली, हळद काढायला वेळ आहे, म्हणजे तुमचीही फट हीच. विमानाचं भाडं सगळ्यात जास्त लागतं, म्हणून पुढच्या वर्षीचं दिवाळीतच ठरव. सरकारी बोट स्वस्त पडते, पण जागा लवकर भरतात. ज्याला बस लागते त्याला बोट लागणारच, आल्याच्या वड्या ठेव. आधी जावेशी बोल, मग नवऱ्याशी. आणि तुझ्या सासूबाईंना तुळशीची माळ आहे का, हे आत्याबाईंनी विचारायला सांगितलंय. माळ असेल तर जेवणाचं त्या स्वतः फोनवर समजावून सांगणार आहेत. हॅवलॉकच्या एका बंगाली बाईकडून त्यांनी वेगळ्या कढईत वांगी तळून घेतली होती, आणि त्या बाईला जवसाची चटणी देऊन आल्या. बाईनं आणखी मागितली आहे, तुम्ही गेलात तर पुडी तुमच्याच हाती पाठवू.

तुझी,
शोभा