दहा मिनिटांत वाई?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एका दिवसात वाई-पाचगणी-महाबळेश्वर उरकण्याचा लेख वाचला. लेखकमहाशयांचा वेग थक्क करणारा आहे. वाईच्या ढोल्या गणपतीला दहा मिनिटं, शेजारच्या मेणवली गावाला सेल्फीपुरता वेळ आणि बाकी सगळा दिवस स्ट्रॉबेरी क्रीमला! ज्याची त्याची आवड. पण गणपतीच्या देवळाची मागची बाजू 'सजावट म्हणून निमुळती केली आहे' हे वाचल्यावर मात्र राहवलं नाही.

ती सजावट नाही हो. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ ऐन कृष्णेच्या घाटावर बांधलं. पाणी चढलं की ते देवळाच्या पाठीवर येतं. तिथे सपाट भिंत असती तर सगळा लोंढा तिच्यावर आदळला असता, वर वाहून आलेले ओंडके वेगळेच. म्हणून पाठ माशासारखी निमुळती केली. पाणी टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. दर्शन झालं की बहुतेक लोक आल्या वाटेने परततात. मागे वळसा घालून त्या टोकाशी उभं राहावं आणि नदी कुठून येते ते बघावं, बांधणाऱ्याचा हिशेब लगेच कळतो. याला दोनच मिनिटं लागतात. लेखकांच्या वेळापत्रकात तरीही आठ उरतात.

'दर बारा वर्षांनी इथे कुंभमेळा भरतो' हे कोणी सांगितलं? गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ. तो पुढे कन्या राशीत गेला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा, ते कन्यागत. नाशिकचं पर्व 2015 ला झालं, कृष्णाकाठचं 2016 ला. मेणवलीची घंटाही पेशव्यांनी ओतवून घेतलेली नाही. 1739 ला वसई पडल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली आहे ती. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे, मान वर केली तरी दिसते.

सांगली-साताऱ्याच्या वाचकांना सुरूर फाट्यावरून वळायला सांगणं हा तर कळसच. सुरूर पुण्याकडून येणाऱ्यांसाठी. साताऱ्याकडून येणाऱ्याने अलीकडेच पाचवडला डावीकडे वळावं, उगाच पुढे जाऊन हेलपाटा कशाला? एसटीने येणाऱ्याने वाई स्टँडवर उतरून सरळ चालत घाट गाठावा. आळ्यांतून चारचाकी घुसवली की समोरून दुसरी येतेच, मग दोघांनीही रिव्हर्स घ्यायचा.

'घाटावर मनसोक्त डुंबा' हा सल्ला कुणाच्या जिवावर? पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि खालची पायरी कुठे संपते ते वरून दिसत नाही. स्नान करायचंच तर कोरड्या पायरीवर बसून तांब्याने घ्यावं. पावसाळ्यात धोम धरणातून विसर्ग सुरू असेल तर तेही नको. पाऊस वाईत नसला तरी पाणी वाढतं, कारण पाऊस वरच्या डोंगरात पडत असतो. ओटीचं सामान आणि निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट नदीत सोडू नये, हेही एका ओळीत लिहिता आलं असतं. कॅफेंच्या नावांना अर्धा रकाना मिळाला आहेच.

धोमबद्दल चकार शब्द नाही. वाईपासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर नरसिंहाचं देऊळ आहे. तिथे कमळाच्या आकाराच्या हौदात कासवाच्या पाठीवर नंदी बसवला आहे, हौद भरलेला असला की तो तरंगल्यासारखा दिसतो.

आणि हो, लेखासोबतचा 'वाईचा रम्य संगम' हा फोटो क्षेत्र माहुलीचा आहे. तिथे कृष्णेला वेण्णा मिळते. माहुली साताऱ्याला खेटून आहे. वाईच्या घाटावर संगमच नाही, रम्य असो की नसो! पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि ती राशिभविष्याखाली बारीक अक्षरात नको.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)